आठवडे किती झाले?

सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२४ रोजी आपलाच आठवडाभरापूर्वीचा आदेश मागे घेतला आणि बलात्कारातून गर्भ राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची बातमी पहिल्या पानावरून उतरली. न्यायालय चुकले की आईवडील कचरले, यावर वाद झाला. तारखांकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. मार्चमध्ये फिर्याद, ४ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाचा नकार, २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाची गर्भपाताला परवानगी. आणि तोवर गर्भ जवळजवळ तीस आठवड्यांचा झालेला. एवढ्या उशिरा गर्भपातही धोक्याचा आणि बाळंतपणही. मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांनी पाऊल मागे घेतले, ते समजण्यासारखे आहे. पण त्या घराला निवडीसाठी एकही चांगली वाट उरली नव्हती, आणि ती वाट आठवड्या-आठवड्याने बंद होत गेली होती. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाची खरी गोष्ट या दिनदर्शिकेत असते. आपल्या मालिका नेमकी तीच दाखवत नाहीत.

मालिकांचा साचा प्रेक्षकांना पाठ आहे. अत्याचार होतो, काही भाग नायिका कुणाशी बोलत नाही, मग एके सकाळी देवघरासमोर तिला चक्कर येते आणि घरी आलेला डॉक्टर नाडी धरून बातमी सांगतो. तिथून पुढचे शंभर भाग एकाच प्रश्नावर चालतात: बाप कोण, आणि घर या बाळाला नाव देईल का? अत्याचार आणि चक्कर यांच्या मधला काळ पडद्यावर नसतोच. वास्तविक सगळ्यात मोलाचा काळ तोच. पहिल्या ७२ तासांत दवाखाना गाठला तर गर्भ राहू नये म्हणून गोळी देता येते; पाच दिवसांपर्यंतही तिचा काही उपयोग होतो. २०१३ पासून सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाला अशा स्त्रीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणे बंधनकारक आहे, आणि ते नाकारणे हा गुन्हा आहे. उपचारासाठी आधी ठाण्यात जाऊन या, असे तिला कुणी सांगू शकत नाही. हे एका प्रसंगात, चार वाक्यांत सांगून होते. तो प्रसंग न लिहिल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात एवढेच राहते की अत्याचारानंतर बाईने वाट पाहायची असते.

वाट पाहण्याची किंमत गोंदिया जिल्ह्यात काय पडते ते बघा. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे अत्याचाराच्या दिवशीच हिशोबात साधारण दोन आठवडे जमा झालेले असतात. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत चार-पाच होतात. कोवळ्या वयात पाळी तशीही अनियमित असते, त्यामुळे दोन महिने गेले तरी आईला शंका येत नाही, आणि रोवणीच्या दिवसांत तर आई दिवसभर चिखलात असते. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या गावातून निघून गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयापर्यंत येणे म्हणजे मजुरी बुडवणे, आणि गावात कुणाला तरी कारण सांगणे. त्यातून सिकलसेल या पट्ट्यात घरोघरी ठाऊक असलेला आजार. अशा मुलीचे शरीर गरोदरपण किती सोसेल हा वेगळाच प्रश्न. कायदा वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करू देतो, २०२१च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडितेला चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर. त्यापुढे, जीवच धोक्यात नसेल किंवा गर्भात गंभीर व्यंग नसेल, तर उरते उच्च न्यायालय. इथल्या बापासाठी ते सुमारे १३० किलोमीटरवर, नागपुरात आहे.

याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की जिच्यावर मालिकेचा अख्खा भाग उभा राहावा. गर्भ बलात्कारातून राहिला आहे असे स्त्रीने सांगितले, की त्याचा मनस्ताप हीच तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानायची. सिद्ध झाल्यावर नव्हे, सांगितल्यावर. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही. अज्ञान मुलीसाठी पालकाची लेखी संमती पुरते. हा कायदा १ एप्रिल १९७२ रोजी लागू झाला. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ मार्चच्या रात्री, गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचे प्रकरण घडले. अंगावर जखमा नाहीत म्हणून तिचा शब्द सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मानला नाही. त्यावर देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलावा लागला. फौजदारी न्यायाला जे शिकायला अकरा वर्षे लागली, ते गर्भपाताच्या कायद्याने पहिल्या दिवसापासून मान्य केले होते: तिचा शब्द पुरेसा आहे. पन्नास वर्षांनंतरही आपली नायिका आधी कोर्टात जिंकते आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

बाळ जन्मले तरच पुरावा मिळेल, ही समजूतही अशीच घातक आहे. मालिकेत मूल मोठे होते, डीएनए चाचणी होते आणि खलनायक सापडतो. हे पाहणाऱ्या घराला वाटते की गर्भ काढला तर केस गेली. तसे नाही. गर्भपातानंतरच्या ऊतकातूनही पितृत्व कळते. मात्र ते फॉर्मलिनमध्ये बुडवले तर डीएनए खराब होतो. सलाइनमध्ये, बर्फात ठेवून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे धाडावे लागते. योग्य बरणी आणि थंड डबा एवढ्यावर काम होत असेल, तर पुराव्यासाठी कुणा मुलीने नऊ महिने का सोसावेत?

मालिका म्हणजे आरोग्य खात्याचे पत्रक नव्हे, हा आक्षेप लेखक मंडळी घेतील, आणि त्यात तथ्य आहे. भाषण देणारे पात्र कुणालाच आवडत नाही. पण ‘हम लोग’ १९८४ मध्ये सुरू झाली तीच कुटुंबनियोजनाचा विचार घेऊन, आणि लोकांनी ती घरची गोष्ट म्हणून पाहिली. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांच्या २००९च्या अभ्यासात भारतातल्या ज्या गावांत केबल पोहोचली, तिथे नवऱ्याची मारहाण योग्य मानणाऱ्या बायकांचे प्रमाण घटलेले दिसले. पडदा शिकवतोच, काय शिकवतो एवढाच प्रश्न. आणि धाडस करता येते, याचा दाखला मुंबईत घडणाऱ्या ‘क्रिमिनल जस्टिस’ या वेबमालिकेच्या २०२०च्या दुसऱ्या पर्वाने दिला. नवऱ्याला भोसकणारी अनू चंद्रा तुरुंगात गरोदर असते, आणि बंद दाराआडच्या बलात्काराचे नाव कोर्टात घेतले जाते. नवऱ्याने केलेला बलात्कार फौजदारी कायद्याला आजही मान्य नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरता तो बलात्कारच मानला. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने, तिने आणि पालकाने तशी विनंती केली तर, पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. बदनामीच्या भीतीने भोंदूकडे वळणाऱ्या आईला हे माहीत असणे फार गरजेचे आहे.

राहिला ‘बाळाचा काय दोष?’ हा प्रश्न. तो खोटा नाही, आणि तो एखाद्या स्त्रीच्या स्वतःच्या तोंडून आला तर त्याचा मान राखलाच पाहिजे. २००९ साली चंदीगडच्या सरकारी संस्थेत अत्याचार झालेल्या एका मतिमंद तरुणीला गर्भ ठेवायचा होता. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने थांबवला. माझा आक्षेप मूल जन्माला घालणाऱ्या नायिकेला नाही. तिच्यापुढे दुसरी वाट कधी मांडलीच जात नाही, याला आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये, १९६७ साली, खोट्या कोर्टाने बेणारेबाईंच्या पोटातल्या गर्भाचा निकाल लावला आणि मराठी प्रेक्षक हादरला, कारण ठरवणारे सगळे होते, फक्त ती नव्हती. मालिकांत सासू ठरवते, नायक ठरवतो, कधी देवीचा कौल ठरवतो. एप्रिल २०२४च्या निकालपत्रात न्यायालयाने लिहून ठेवले आहे की निर्णयात गर्भवतीच्या मताला प्राधान्य हवे, आणि वैद्यकीय मंडळाने तिच्या शरीराबरोबर मनाचाही विचार करायला हवा. मालिकेच्या लेखकाला यातून हवा तेवढा नाट्यमय प्रसंग मिळेल: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आशाताईंसोबत आलेली मुलगी, आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगणारी डॉक्टर, आणि तिचा पहिला प्रश्न, शेवटची पाळी कधी आली होती?