भिजू दे, पण सुकलं पाहिजे

आगोट म्हटली की पूर्वी पनवेलमध्ये कौलं चाळून घेत, पडवीला झापं बांधत, सरपण कोरड्या जागी हलवत. आता त्या यादीत ताडपत्री आली आहे आणि ‘वॉटरप्रूफ’ असं ठळक छापलेला एक डबाही. नेरे, वाजे, मालडुंग्याकडे फार्महाऊसं वाढली, तशी उघड्यावरच्या लाकडाची हौसही वाढली. फाटक लाकडी, झोपाळा लाकडी, गच्चीवरचा मांडव लाकडी. एप्रिलमध्ये डबा फासला की मालक निर्धास्त होतो. दोन-तीन पावसाळे जातात आणि एक दिवस फाटकाच्या खालच्या आडव्या पट्टीवर अंगठा दाबला तर तो सरळ आत जातो. वरचा रंग मात्र अजून चकाकत असतो!

यात डब्याचा दोष फारसा नाही. आपण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा करतो. लाकडात पाणी शिरूच न देणं कोकणच्या हवेत जवळपास अशक्य आहे. जमण्यासारखी गोष्ट एकच: शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडेल अशी सोय करणं. जुन्या सुतारांची बरीचशी अक्कल या दुसऱ्या कामात खर्च झाली होती.

लाकूड म्हणजे मेलेल्या झाडाच्या नळ्या. पपईच्या देठांची मोळी घट्ट बांधावी तशी त्यांची रचना असते. या नळ्यांच्या भिंती सेल्युलोजच्या धाग्यांच्या असतात आणि लिग्निन नावाचा चिवट पदार्थ त्यांना एकत्र धरून ठेवतो. सेल्युलोजला पाण्याची भलतीच ओढ. पाऊस पडायलाच हवा असं नाही, हवेतली वाफही ते ओढून घेतं. पनवेलच्या जुलैतल्या दमट हवेत, छपराखालच्या कोरड्या लाकडातही त्याच्या कोरड्या वजनाच्या अठरा-वीस टक्के पाणी मुरतं. उन्हाळ्यात ते बारा टक्क्यांच्या आसपास उतरतं. साधारण तीस टक्क्यांपर्यंत पाणी भिंतींमध्येच बसतं, त्यानंतर ते नळ्यांच्या पोकळीत साचू लागतं.

दार फुगतं ते यामुळेच, पण फुगण्यालाही दिशा असते. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. त्यातही वार्षिक वलयांच्या कडेने ते जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे फुगतं. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या कडेने सुमारे 5.8 टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे 2.5 टक्के आकसतं. हिशोब करून पाहा. 90 सेंटिमीटर रुंदीचं फळ्यांचं दार, मे ते जुलैमध्ये ओलाव्यात सहा टक्के फरक. फळ्या कापल्या कशा त्यावर अवलंबून दार अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद होणार. रंगारी कितीही चांगला असो, ते होणारच. म्हणून जुने सुतार दाराची मधली फळी चौकटीतल्या खाचेत सैल सोडायचे, खिळे मारून जखडायचे नाहीत. फळीला हलायला जागा मिळाली की ती फाटत नाही.

या फुगण्या-आकसण्यावर पनवेलमध्ये एकेकाळी अख्खा धंदा उभा होता. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईहून गलबतं पनवेलच्या बंदराला लागायची आणि माल बैलगाड्यांवर चढून घाटावर जायचा. गाडीच्या चाकांसाठी पनवेलचं नाव होतं, गॅझेटियरकारांनीही त्याची दखल घेतली. चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे सगळं लाकडी. त्यावर लोखंडी धाव. धाव किंचित लहान घडवायची, लालभडक तापवायची, फैलावली की चाकावर उतरवायची आणि वर घागरीने पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, करकर आवाज करत सगळे सांधे आवळले जातात. तेच चाक वैशाखात वाळून आकसलं की धाव खुळखुळू लागते. मग गाडीवान ते चाक रात्रभर ओढ्यात घालून ठेवायचा. लाकूड फुगून पुन्हा घट्ट बसायचं. ओलावा त्याचा शत्रू नव्हता, रोजच्या कामातला भागीदारच होता म्हणा ना.

मग लाकूड कुजतं कशाने? नुसत्या पाण्याने नव्हे. लाकूड खाते ती बुरशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तिला लागतं अन्न, ऊब, हवा आणि पाणी. पहिल्या तीन गोष्टी पनवेलमध्ये बारमाही हजर. उरलं पाणी. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असला तर बुरशी सहसा पाय रोवत नाही. पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूडही कुजत नाही, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. (खाडीत मात्र शिंपल्यांच्या जातीचा जहाजकिडा ती कसर भरून काढतो.) कुंपणाचा खांब नेमका जमिनीला टेकतो तिथेच सडतो, त्याचं कारण हेच. तिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, आणि वाळवीलाही घराचा रस्ता तिथूनच सापडतो.

आता पुन्हा त्या फाटकाकडे येऊ. फळीच्या सपाट बाजूने पाणी सावकाश आत जातं. कापलेल्या टोकाने, जिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात तिथून, ते कितीतरी पटींनी भराभर चढतं. आणि नेमकं हेच टोक रंगातून सुटतं. मिस्त्री दार बिजागऱ्यांवर बसवून जातो, रंगारी नंतर येतो. त्याला समोरची बाजू दिसते, मागची दिसते. दाराची खालची कड त्याला कधीच दिसत नाही. घरच्या बाथरूमच्या दाराखाली हात घालून बघा, बहुतेक ठिकाणी कोरं, खरखरीत लाकूड हाताला लागेल. या कडेतून पाणी वर चढतं आणि मग त्या डब्याच्या करामतीने दोन्ही बाजूंच्या रंगाच्या पडद्याआड कोंडून राहतं. बाहेर पडायला वाट नाही. अशा दारापेक्षा अजिबात न रंगवलेलं दार जास्त टिकलं असतं.

जुन्या वाड्याचा लाकडी खांब जमिनीत कधी रोवलेला नसतो. खाली दगडी तळखडा असतो आणि त्यावर खांब उभा. जोतं उंच, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, पडवी रुंद. मंगळुरी कौलं आली (बासल मिशनचा मंगळूरचा पहिला कारखाना 1865 चा), तरी छपराचा हा पुढे आलेला भाग कोणी कमी केला नाही. हल्लीच्या सपाट बॉक्ससारख्या बंगल्यांना छज्जा म्हणजे गावठीपणा वाटतो. मग खिडकीच्या चौकटीने पाऊस झेलायचा आणि आपण दर वर्षी डबा आणायचा. वास्तुरचनाकारांचा राग ओढवून घेऊन सांगतो, पनवेलच्या पावसात दोन-अडीच फुटांचा छज्जा कुठल्याही वार्निशपेक्षा स्वस्त पडतो. याहून मोठा पुरावा हवा तर बोरघाट चढून कार्ल्याला जा. चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपासून जागेवर आहेत. वर डोंगराचंच छप्पर, म्हणून पाणी नाही.

सागवान मुळातच टिकाऊ असतं, पण सगळं सागवान नव्हे. झाड वयात येताना गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साठवतं, ती बुरशीला आणि वाळवीला नकोशी असतात. त्यात रबरासारखा अंशही असतो, म्हणून पाणी झटकन चढत नाही. मुंबईच्या वाडियांनी 1817 मध्ये बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी युद्धजहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे खुंट जमिनीत पुरून त्यांचं आयुष्य मोजतात. सरासरी 120 महिन्यांहून जास्त टिकलं तर पहिला वर्ग, 60 पेक्षा कमी तर तिसरा. सागाचा गाभा पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. पण सालीलगतचा पांढुरका भाग सागाचाही असला तरी कुचकामी. लागवडीच्या कोवळ्या सागात हा भाग जास्त निघतो. वखारीत ‘सागवान आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, फळीची कड बघा. पांढरा पट्टा दिसला तर तो घराच्या आतल्या बाजूला वापरा.

कमी टिकाऊ लाकडाला औषध पाजायचा जगभर गाजलेला मार्ग आपल्याकडेच सापडला. देहरादूनच्या त्याच संस्थेत 1933 मध्ये सोंती कामेशम यांनी तांबं, क्रोम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोम दोघांना लाकडात असं जखडतं की पावसाने ते धुऊन जात नाहीत. दाबाखाली ते फळीत खोल घुसवतात. पुढे कितीतरी देशांतले विजेचे खांब आणि कुंपणं यावर टिकली. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेतल्या उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी ते थांबवलं. असं प्रक्रिया केलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नये, राखेत आर्सेनिक उतरतं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड त्यामानाने निरुपद्रवी, पण पाण्यात विरघळतं. म्हणून छपराखाली चालतं, उघड्यावर वाहून जातं.

कोकणातला घरचा उपाय म्हणजे काजूच्या टरफलांचं काळं तेल. होड्यांना आणि वाशांना ते लावत आले आहेत. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून हे तेल हाताला लागलं तर कातडी भाजून निघते. किड्यांनाही ते सोसत नाही.

आणि शेवटी तो डबा. पारदर्शक वार्निशने लाकडाचा पोत दिसतो, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण ऊनही त्यातून आत जातं. अतिनील किरण लिग्निन मोडतात, वरचा पातळ थर सुटा होतो आणि त्यावरची फिल्म पापड्यांनी उडते. न रंगवलेलं लाकूड उन्हात राखाडी पडतं तेही याच कारणाने. ते कुजलेलं नसतं, रंधा मारला की खाली पिवळंधमक लाकूड निघतं. रंगद्रव्य असलेला लेप ऊन अडवतो, म्हणून तो जास्त टिकतो. गेरू कालवलेलं तेल लावण्यामागे तेवढंच शास्त्र आहे. उघड्यावर माझी पसंती लाकडात मुरणाऱ्या, रंग मिसळलेल्या तेलाला. ते फिकं पडतं, पण सोलून निघत नाही. पुढच्या वर्षी साफ करून वरून एक हात मारला की झालं. जाड फिल्म एकदा उडू लागली की सगळी खरवडून काढावी लागते. कमीत कमी दोन-तीन हात कापलेल्या टोकांना द्यायचे, ती तेल पीत राहतील तोवर. दार नवं असेल तर टांगण्याआधी सहाही बाजू रंगवून घ्यायच्या. मुहूर्त मे महिन्यातला दमट शेवटचा आठवडा नव्हे. दिवाळीनंतर, लाकूड चांगलं वाळल्यावर काम काढावं. ओलावा मापक पंधरा टक्क्यांच्या आसपास दाखवत असेल तर सुरुवात करावी.

रंगाऱ्यांचं बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ते वाळतं तेव्हा त्यातलं पाणी उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत साठते आणि काही तासांत चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपलं की त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा.