पक्षाघातानंतर गेलेली बोली : गोळी आणि सराव, दोन्ही हवेत

बारामती-इंदापूरकडच्या अनेक घरांत हे चित्र आपण पाहतो. अब्बांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, बोलणंही गेलं. पाणी हवं असतं, तोंडातून भलताच शब्द येतो. पण सूरह फातिहा सुरू करून दिली की शेवटपर्यंत म्हणतात. मग घरचे म्हणतात, "येतं सगळं, मुद्दाम बोलत नाहीत." कुणी बाहेरचं समजून ताविजामागे धावतं.

दोन्ही समज चुकीचे आहेत. याला वाचाघात म्हणतात. भाषेची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असतात. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द सापडत नाही. आयुष्यभर पाठ असलेली सूरह, आकडे, सलाम हे मात्र अनेकदा टिकून राहतात. अक्कल शाबूत असते, म्हणून तर माणूस चिडतो, रडतो.

औषधाचं काय? वाचा परत आणणारी हमखास गोळी अजून नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्या पुढचा झटका टाळण्यासाठी असतात, त्या मनाने बंद करू नयेत. स्मृतिभ्रंशावरचं मेमँटाइन वाचाघातातही तपासलं गेलंय. स्पेनमधील डॉ. मार्सेलो बर्थिअर यांच्या गटाच्या २००९ च्या अभ्यासात गोळी आणि स्पीच थेरपी एकत्र दिल्यावर सर्वांत चांगला फरक दिसला. पण रुग्ण फक्त २८ होते. म्हणून अशी गोळी मेंदूविकारतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

सरावाचा पुरावा जास्त भक्कम आहे. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटक्याला सहा महिने उलटलेल्या १५८ रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली आणि त्यांचं बोलणं सुधारलं. म्हणजे "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका. पुण्यात भारती विद्यापीठात आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या विषयाचे तज्ज्ञ आहेत. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

रोज जाणं जमत नसेल, तर तज्ज्ञांकडून घरचा सराव लिहून घ्या. घरात उर्दू, बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा थेरपिस्टना आधीच सांगा. टीव्ही बंद करा, छोटी वाक्यं बोला, चहाचा कप दाखवून नाव विचारा. वर्गात मुलाला शब्द आठवायला आम्ही वेळ देतो, तसाच अब्बांनाही द्या. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. दुआ जरूर करा, पण ॲम्ब्युलन्समध्ये बसून.