पडून राहिलेले वॉकमन

संपादकांनी भावाबद्दल लिहायला सांगितलं होतं. जुन्या वॉकमनना आता किती पैसे पडतात, कोण घेतं, कशासाठी घेतं. भाव चढलेत हे खरंच आहे. २०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या चित्रपटात नायकाजवळ सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, दिसला आणि अडगळीत पडलेल्या त्या निळ्या-चंदेरी यंत्राला जगभर गिऱ्हाईक मिळालं. पण गिरगावातल्या एका चाळीत, माळ्याखालच्या टेबलाशी बसून वॉकमन दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो आणि भावाचा विषय मागे पडला. त्यांच्यासमोर नखाएवढं पांढरं दातेरी चाक होतं. “हे बघा,” म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. चाकात केसासारखी एक चीर होती.

त्या चाकाकडे येण्याआधी थोडा इतिहास. सोनीचे संस्थापक मासारु इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं असे आणि त्यासाठी बरोबर न्यावा लागणारा टेपरेकॉर्डर जड होता. पत्रकारांसाठी सोनीने काढलेला ‘प्रेसमन’ हा छोटा रेकॉर्डर हाताशी होताच. कोझो ओसोने यांच्या विभागाने त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय काढली, स्टिरिओची घातली, सोबत हलका हेडफोन दिला. १ जुलै १९७९ रोजी तो जपानमध्ये ३३,००० येनला बाजारात आला. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार खपले. ऑगस्ट संपेपर्यंत पहिले तीस हजार संपले होते. आपल्याकडे तो आला आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगांमधून, किंवा मुंबईतल्या मुसाफिरखाना आणि हिरा-पन्ना या बाजारांतल्या दुकानांतून. काकांकडे येणारे बहुतेक सेट त्याच वाटेने आलेले आहेत.

पांढरं चाक मात्र नंतरच्या मॉडेलचं, १९८२च्या डब्ल्यूएम-डीडीचं. डीडी म्हणजे डिस्क ड्राइव्ह. साध्या वॉकमनमध्ये मोटर रबरी बेल्टने फ्लायव्हील फिरवते. फ्लायव्हीलच्या मधोमध असलेली पोलादी दांडी म्हणजे कॅपस्टन. पिंच रोलर टेपला या दांडीवर दाबून धरतो आणि टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने, तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडसमोरून सरकते. हा वेग किंचित हलला तरी कानाला कळतं. सतारीची मींड थरथरते, पियानोचा लांब सूर लाटेसारखा वरखाली होतो. चालताना, जिना उतरताना बेल्टला हिसके बसतात. डीडीमध्ये सोनीने कॅपस्टनच्या वाटेतला बेल्टच काढून टाकला. मोटरची बारीक दांडी फ्लायव्हीलच्या कडेला टेकते आणि थेट त्याला फिरवते. काकांनी एक चालू डीडी हातात घेऊन जोरजोरात हलवला. हेडफोनमधला सूर जागचा हलला नाही. इतक्या लहान यंत्राकडून इतका ठाम वेग मी अपेक्षिला नव्हता.

कॅपस्टनकडची गती टेप गुंडाळणाऱ्या स्पूलपर्यंत नेण्याचं काम त्या मधल्या पांढऱ्या चाकाचं. ते प्लास्टिकचं, आणि धातूच्या बुशवर घट्ट बसवलेलं. प्लास्टिक वर्षानुवर्षं कणाकणाने आकसतं. धातू आकसत नाही. लहान झालेली अंगठी बोटात अडकावी तसा ताण वाढत जातो आणि एक दिवस चाक तडकतं. चीर पडते तिथे दोन दातांमधलं अंतर वाढतं, म्हणून प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाण्याला बारीक धक्का बसतो.

मला खिळवलं ते पुढच्या गोष्टीने. हे चाक वापराने झिजत नाही. ते नुसतं काळाने तडकतं. खोक्यातून कधीच बाहेर न काढलेला, प्लास्टिकची पिशवीही न उघडलेला डीडी घेतला तरी त्याचं चाक फुटलेलं असू शकतं. आणि बाजारात सगळ्यात जास्त पैसे अशाच ‘खोकाबंद’ मालाला मोजले जातात. “नवाकोरा आहे म्हणून लोक फसतात,” काका म्हणाले. “अहो, यंत्र चालतं ठेवलं तर त्याचं दुखणं कळतं तरी. पडून राहिलं की सगळं आतल्या आत.” साध्या वॉकमनमधल्या बेल्टचं तेच. न वापरलेल्या सेटमध्ये बेल्ट वितळून डांबर होतो, कप्पीला चिकटतो, आणि बोटांवरचा डाग काही दिवस निघत नाही. पिंच रोलर कडक होतो आणि मग वॉकमन टेप खातो.

म्हणून विकत घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की खोक्याला भुलू नका. सेल घालून चालवून दाखवा म्हणा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का पाहा. पहिल्या टीपीएस-एल२वर हेडफोनच्या दोन भोकांशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ लिहिलेलं असे, नंतर तिथे ‘ए’ आणि ‘बी’ आलं. आधीच्याला संग्राहक जादा मोजतात, ऐकणाऱ्याने मोजायचं कारण नाही.

डीडीचं चाक आता परदेशातले काही हौशी तंत्रज्ञ नव्याने बनवून विकतात, प्लास्टिकचं किंवा पितळेचं. काकांनी दोन्ही बसवून पाहिलीत. पितळेचं फुटणार नाही, पण त्याची घरघर शांत गाण्यात ऐकू येते, म्हणून ते प्लास्टिकचंच घेतात आणि बुशवर थोडं सैल बसवतात. जुनं चाक काढताना दांडी वाकली तर सगळा सेट गेला.

पण चाक मिळतं, बेल्ट मिळतो, बाकीच्याचं काय? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वॉकमन पातळ झाले, आत चिमुकले कॅपॅसिटर आले, आणि त्यातले बरेच आता गळतात. गळलेलं द्रव सर्किट बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खातं. ते पट्टे भिंगाखाली तारेने जोडत बसायचं, आणि जोडले तरी भरवसा नाही. च्युइंगगमच्या आकाराच्या चपट्या बॅटरीवर चालणाऱ्या सेटसाठी चांगली बॅटरी मिळवणं कठीण जातं. वेग जुळवायला ३००० हर्ट्झचा सूर भरलेली कॅसेट लागते. ती कंपनीकडची असेल तर तीही आता म्हातारी, आणि कुणी घरी भरलेली असेल तर ज्या डेकवर भरली त्याची चूक तिच्यात उतरलेली. काका दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेट लावून पाहतात आणि मग माहितीचं एखादं गाणं फोनवरच्या त्याच गाण्याबरोबर लावतात.

सगळ्यात अवघड हेड. टेप घासून घासून त्याच्या तोंडावर खाच पडते, वरचे सूर हरवतात. झिजलेलं हेड पुन्हा भरून येत नाही, आणि त्या दर्जाचं नवं आता बनत नाही. मिळतं ते दुसऱ्या वॉकमनमधून काढलेलं. म्हणजे एक वाचवायला एक मारायचा. काकांच्या कपाटात असे पोखरलेले सेट रांगेने आहेत आणि ते मला पाहवले नाहीत. नवे कॅसेट प्लेअर पुन्हा निघू लागलेत, काही बरेही आहेत, पण टेपची खरखर कमी करणाऱ्या डॉल्बीची चिप आता कुणी बनवत नसल्याने डॉल्बीत भरलेल्या जुन्या कॅसेट त्यांवर नीट वाजत नाहीत. तेव्हा घरातल्या कॅसेट ऐकायच्या तर जुनाच सेट दुरुस्त करावा लागतो, आणि दुरुस्त करण्याजोगे सेट दर दुरुस्तीगणिक कमी होतात.

आता काकांनी एक नियम केलाय. दोन्ही सेट अर्धवट चालू असतील तर एकातून काढून दुसऱ्याला ते काही लावत नाहीत. सुटे भाग फक्त पूर्ण मेलेल्या सेटमधून. त्यामुळे गिऱ्हाइकांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं, आणि काही जण सेट परत घेऊन जातात.