चांगला पळणारा चांगला मारणारा असतो का?

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या जानेफळात मुलींचा खो-खो संघ निवडताना घड्याळ माझ्या हाती होते. एक मुलगी सगळ्यांत जास्त वेळ टिकली. एवढी चपळ पोर गडीही भराभर मारील, असे समजून मी तिला आक्रमणातही मुख्य जागा द्यायला लावली. सामन्यात पाठलाग करताना ती सवयीने मागे वळत राहिली, फाउल होत गेले आणि पुढच्या सामन्याला तिचे नावच गळाले. चूक तिची नव्हती, माझ्या मोजमापाची होती. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक खेळाडूपुढे दोन वेगळे रकाने असतात: पळतीची वेळ आणि बाद केलेले गडी.

हे रकाने वेगळे का, ते नियमांतच आहे. पळणाऱ्याला २७ बाय १६ मीटरचे सगळे मैदान मोकळे. तो बसलेल्या गड्यांमधून आरपार जाऊ शकतो, हुलकावणी देऊन मागे फिरू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. म्हणजे पळतीत गडी स्वतःच्या मनाचा मालक असतो. आक्रमणात तो नऊ जणांच्या साखळीतली एक कडी असतो. तिथे पायांपेक्षा ‘खो’ नेमका कधी द्यायचा, याचे भान अधिक लागते.

मग दोघांची तुलना कशी करावी? पारंपरिक सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची. तीन गड्यांची तुकडी ३ मिनिटांत बाद होत असेल, तर पाळीत ९ गडी जातील. तुकडीतल्या शेवटच्या गड्याने आणखी दीड मिनिट खेचले, तर तेवढा वेळ नवी तुकडी आत येत नाही आणि समोरच्यांचे एक-दोन गुण बुडतात. म्हणजे हे दीड मिनिट एक-दोन गडी मारण्याच्या तोलाचे. मात्र जोडीदार मैदानात असताना टिकणे आणि एकटे उरल्यावर टिकणे यांत फरक आहे. नुसत्या एकूण वेळेवर भाळू नये.

हा प्रश्न आपल्याच मातीतला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू झेलून मोकळ्या मैदानात धावत सुटणारा खेळाडू वेगळा, आणि आखून दिलेल्या वाटेने धावून चेंडू झेलणारा वेगळा. शिकागो बेअर्सचा डेव्हिन हेस्टर पहिल्या कामात अजोड होता. फेब्रुवारी २००७च्या सुपर बोलमध्ये पहिलाच चेंडू त्याने ९२ यार्ड पळवून गुण मिळवले. पुढे त्याला झेलणारा म्हणून खेळवले. त्यातला त्याचा सर्वोत्तम हंगाम २००९चा, ५७ झेल आणि ७५७ यार्डांचा. बरा, पण थोर नाही. उलट स्टीव्ह स्मिथनेही सुरुवात चेंडू परतवण्यानेच केली आणि २००५मध्ये १,५६३ यार्ड मिळवून झेलणाऱ्यांत पहिला आला. तेव्हा एक गुण दुसऱ्याची हमी देत नाही, तसा दुसऱ्याला आडही येत नाही.

खो-खोने यावर एक तोड काढली आहे. २०२२मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोत ‘वजीर’ आला. पाठलाग करताना कोणत्याही दिशेला वळण्याची त्याला मुभा आहे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्या स्पर्धेतही वजीर होता. पळतीतली सवय आक्रमणात उपयोगी पडावी, अशी ही जागा आहे.

शालेय स्पर्धांत वजीर नसेल, तरी वाट आहे. संघात बारा जण असतात आणि आक्रमणाला नऊ लागतात. उत्तम पळणारीला पहिल्या तुकडीत ठेवा. मारता येत नसेल, तर त्या पाळीपुरते बाहेर बसवा. मी तेव्हा एवढे सांगायला हवे होते. ते सुचले, तोवर त्या मुलीने खेळ सोडला होता.