पानपिंपरीतील औषधी घटक मोजतात कसा? अंजनगाव, अकोटच्या शेतकऱ्यांसाठी तो का महत्त्वाचा?

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरात पानमळ्यांसोबत पानपिंपरीचेही पीक घेतले जाते. आयुर्वेदातील पिंपळी ती हीच. सुंठ आणि मिऱ्यांसोबत ती ‘त्रिकटू’ चूर्णात वापरतात. शेतकरी ती वजनावर विकतो. औषधनिर्मितीत मात्र तिच्यातील ‘पायपरीन’ या घटकाचे प्रमाण पाहिले जाते.

पायपरीन म्हणजे काय?
मिरे आणि पिंपळीला तिखटपणा देणारा हा घटक. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८१९ मध्ये तो मिऱ्यांतून वेगळा केला. हळदीतील कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास कर्क्युमिनचे शोषण सुमारे २० पट वाढते, असे बंगळूरुच्या संशोधकांना १९९८ मध्ये आढळले.

मोजणी कशी होते?
- वेगवेगळ्या पोत्यांतून थोडा-थोडा माल घेऊन एकत्र नमुना तयार करतात.
- वाळवून दळलेली भुकटी तोलून मिथेनॉल किंवा अल्कोहोलमध्ये मिसळतात. पायपरीन पाण्यात फारसे विरघळत नाही.
- गाळलेले द्रावण ‘एचपीएलसी’ यंत्रात सोडतात. यंत्रातील नळीतून प्रत्येक घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो.
- पायपरीन सुमारे ३४३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते. शुद्ध पायपरीनशी तुलना करून प्रमाण काढतात. समजा, १ ग्रॅम भुकटीत २० मिलिग्रॅम निघाले, तर प्रमाण २ टक्के.

प्रकाशात द्रावणातील पायपरीनचे रूप बदलते. त्यामुळे द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात.

आकडा कमी-जास्त का येतो?
वाण, तोडणीची वेळ आणि वाळवण यांवर तो अवलंबून असतो. ओलसर मालाचे वजन भरते, पण टक्केवारी घसरते. बुरशीचा धोकाही वाढतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. लागवडीबाबत शेतकऱ्यांना विद्यापीठाकडे विचारणा करता येईल.

शेतकऱ्याला काय फायदा?
तपासणीचा अहवाल फक्त खरेदीदाराकडे असेल, तर ‘माल हलका आहे’ हे त्याचेच म्हणणे मान्य करावे लागते. गावातील उत्पादकांनी एकत्र येऊन तपासणी केल्यास खर्च वाटला जातो आणि भाव ठरवताना हातात आकडा राहतो. मात्र, केवळ पायपरीन जास्त म्हणजे माल उत्तम असे नाही. कीटकनाशकांचे अंश, जड धातू आणि बुरशी यांचीही तपासणी लागते.

हे लक्षात ठेवा: पायपरीनमुळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. नियमित गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच पिंपळीचे चूर्ण घ्यावे.