तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे रंगकाम : तंत्र, दृष्टी आणि सुरक्षितता

प्रस्तावना

विदर्भात पिठोरी अमावास्येला पोळा साजरा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा भरतो. पहिल्या दिवशी शेतकऱ्याचे खरे बैल तोरणाखाली उभे राहतात. दुसऱ्या दिवशी चाकांच्या पाटीवर बसविलेले लाकडी बैल दोरीने ओढत मुले घरोघरी जातात व बोजारा मागतात. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले (कारकीर्द १७८८ ते १८१६) यांनी १८०६ मध्ये या उत्सवास प्रारंभ केला, अशी परंपरा सांगितली जाते. चांद्याचा प्रदेश १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. याच चांदा जिल्ह्यातून पुढे १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही वनजिल्ह्यांत तान्हा पोळा हा बालकांचा प्रमुख सण आहे.

या सणाच्या लोकसांस्कृतिक अंगाविषयी पुष्कळ लिहिले जाते. तथापि लाकडी बैल रंगविला कसा जातो आणि तसाच का, याकडे सहसा लक्ष जात नाही. रंगकाम म्हणजे शेवटी केलेली सजावट, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः लहान आकृतीवरील रंग हा सजावटीपेक्षा अधिक काही असतो. तो प्रकाशाची उणीव भरून काढतो, आकृती दुरून ओळखू येईल अशी करतो आणि अखेरीस मुलाच्या हातात, कधी तोंडातही, जातो. प्रस्तुत लेखात या तीन अंगांचा क्रमाने विचार केला आहे.

लहान आकृतीपुढील मूळ अडचण

आकृती लहान केली की तिच्यावरील सावल्याही लहान होतात; पाहणाऱ्याचा डोळा मात्र तेवढाच राहतो. ही अडचण मेजावरील युद्धखेळाच्या आकृत्यांमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांच्या लढाईला नियम दिले. १९७० नंतर त्यात राक्षस, जादूगार, परीकथेतील योद्धे अशा काल्पनिक पात्रांची भर पडली. अशा खेळातील माणसाची आकृती साधारणतः २८ मि.मी. उंच असते, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे एक-साठांश. खऱ्या अंगरख्याचा दोन सें.मी. खोल पट या आकृतीवर जेमतेम एक-तृतीयांश मि.मी. उरतो.

निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनातील तपशील वेगळा ओळखू शकतो. ६० सें.मी. अंतरावर हे माप सुमारे ०.१७ मि.मी. होते. म्हणजे त्या पटातील सावली दृष्टीच्या मर्यादेच्या अगदी जवळ येते आणि एकाच रंगाने रंगविलेली आकृती सपाट दिसते. म्हणून रंगविणारा सावली स्वतः रंगवितो. प्रथम अस्तर, मग मूळ रंग, त्यानंतर खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, पुढे उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग, सर्वांत शेवटी कडा, डोळे आणि संरक्षक वार्निश, असा त्याचा क्रम असतो.

लाकडी बैल आकाराने मोठा असतो. वीतभर उंचीचा बैल खऱ्या बैलाच्या साधारण एक-षष्ठांश भरतो. परंतु तो मिरवणुकीत पाहिला जातो. दहा मीटर अंतरावर एक कला म्हणजे सुमारे तीन मि.मी. होतात; त्याहून बारीक रेघ आजूबाजूच्या रंगात मिसळून जाते. खऱ्या बैलाचा चार सें.मी.चा डोळा या प्रमाणात सात मि.मी.चा होईल आणि त्यातील पांढरे व काळे दुरून वेगळे दिसणार नाही. लाकडी बैलाचे डोळे प्रमाणापेक्षा मोठे व काळ्या रेघेने कोरल्यासारखे असण्यामागे ही दृष्टीची गरज आहे. त्यास कारागिराची अकुशलता समजणे योग्य नाही.

लाकूड आणि अस्तर

रंगकामाचे निम्मे यश लाकडाच्या तयारीवर अवलंबून असते. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल सागवानासाठी प्रसिद्ध आहे. आलापल्ली आणि बल्लारशाह ही नावे त्या व्यवहाराशी जोडलेली आहेत. परंतु सागवानातील नैसर्गिक तेलामुळे रंग त्यावर नीट धरत नाही. पृष्ठभाग टर्पेंटाइनने पुसून, तो सुकल्यावर लगेच अस्तर द्यावे लागते. याउलट सावर, सालई यांसारखी हलकी लाकडे रंग शोषून घेतात. त्यातही पाय, शिंगे व मुस्कट यांच्या टोकांशी, जेथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, तेथे शोषण अधिक होते आणि रंग डागाळलेला दिसतो.

म्हणून प्रथम काचकागदाने घासणे, मग फटी व छिद्रांत लांबी भरणे, ती वाळल्यावर पुन्हा घासणे आणि त्यानंतर अस्तराचा हात देणे हा क्रम पाळावा लागतो. ही गोष्ट लाकडापुरती नाही. सावंतवाडीच्या गंजिफा याही खेळातील चित्रित वस्तूच. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पाने असतात. त्यांच्यावरही चित्राआधी चिंचोक्याची खळ व खडू यांचा थर दिला जातो आणि शेवटी लाखेचे संरक्षण असते. हाताळली जाणारी रंगीत वस्तू टिकवायची तर खाली अस्तर व वर आवरण हवे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

पूर्व विदर्भात यात ऋतूची भर पडते. पोळा भर पावसाळ्यात येतो. लाकडात ओल असताना रंग दिला तर ती नंतर बाहेर पडू पाहते आणि रंगाला फोड येतात. तेलरंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो, तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. दमट हवेत दोन्ही क्रिया मंदावतात. वरून कोरडा भासणारा हात आतून ओला असताना दुसरा हात दिल्यास रंगाला सुरकुत्या पडतात. यासाठी जाड एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात देणे आणि हे काम आषाढातच सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

पांढऱ्या बैलाचा प्रश्न

लाकडी बैल बहुधा पांढरा असतो आणि पांढरा रंग हाताळण्यास सर्वांत कठीण. मूळ रंगच शुभ्र दिला तर त्याहून उजळ काही उरत नाही. उंचवटे दाखविण्यास जागा राहत नाही. म्हणून मूळ रंग किंचित राखाडी वा दुधी ठेवावा आणि शुभ्र पांढरा केवळ पाठ, कपाळ व वशिंडाचा माथा येथे, जेथे वरून उजेड पडतो तेथे, द्यावा. पोटाखाली, गळ्याखालच्या पोळीच्या वळ्यांत आणि मांड्यांच्या आतील बाजूस पातळ राखाडी उतरवावी.

खऱ्या जनावराचे निरीक्षण येथे उपयोगी पडते. विदर्भातील गवळाऊ जातीच्या बैलाची मान, वशिंड व मागील भाग करडे असतात. गडचिरोली-चंद्रपूर परिसरातील कठाणी या जातीची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र नोंद झाली आहे. आपल्या भागातील बैल पाहून छटा ठरविल्यास आकृती सजीव वाटते.

यानंतर येतो साज. लाकडी बैल हा शेतात राबणाऱ्या बैलाची प्रतिकृती नसून पोळ्याच्या दिवशी सजविलेल्या बैलाची प्रतिकृती आहे. खऱ्या बैलाची शिंगे आधीच रंगविलेली असतात, त्यांवर बेगड असते, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग, गळ्यात घागरमाळा, नाकात वेसण असते. म्हणजे कारागीर रंगविलेल्याचेच पुन्हा चित्र काढतो. म्हणून शरीर आणि साज यांचे रंगकाम भिन्न असावे. शरीरावर छटा एकमेकींत विरघळलेल्या, तर साजावर रंग सपाट, भडक व कडा काटेकोर. हा भेद पाळला तर झूल अंगावर घातलेली दिसते; न पाळल्यास ती कातड्यावर गोंदल्यासारखी भासते.

रंगाची सुरक्षितता

युद्धखेळाची आकृती प्रौढ किंवा किशोर खेळाडू बोटांच्या चिमटीत धरतो. तान्ह्या पोळ्याचा बैल तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती असतो. त्याच्या बाबतीत रंग सुंदर व टिकाऊ असणे पुरेसे नाही. तो निरुपद्रवी असणे ही पहिली अट आहे. शिशाची कोणतीही मात्रा बालकांसाठी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मेंदूच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम भरून निघत नाही.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पारंपरिक रंग ते सुरक्षित, असे म्हणता येत नाही. गेरू, काजळी व खडू तुलनेने निर्धोक आहेत. परंतु शेंदूर हा परंपरेने शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, तर हरताळ सोमलवर्गातील संयुग आहे. आधुनिक पिवळ्या व नारिंगी तेलरंगांतही शिशाचे क्रोमेट दीर्घकाळ वापरले गेले. केंद्र शासनाने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या व २०१७ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक असता कामा नये आणि तसा उल्लेख डब्यावर असावा लागतो. मात्र वाहनांचे व औद्योगिक रंग या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. गॅरेजमधील उरलेला रंग किंवा जुना डबा खेळण्यावर वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. त्यातून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना सूट देण्यात आली. छोट्या कारागिराला प्रयोगशाळेतील चाचणीचा खर्च झेपणारा नसल्याने ही सूट न्याय्यच आहे. परंतु तिचा अर्थ असाही होतो की, हाताने घडविलेल्या बैलाच्या बाबतीत मूल आणि विषारी रंग यांच्यामध्ये केवळ कारागिराची माहिती उभी असते. ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे शिक्षणसंस्थांचे काम ठरते.

निष्कर्ष

१. लहान आकृतीचे रंगकाम ही सजावट नसून दृष्टीच्या मर्यादेवर शोधलेला उपाय आहे. मेजावरील योद्धा व तान्ह्या पोळ्याचा बैल यांत तो स्वतंत्रपणे शोधला गेला.

२. कोणत्या अंतरावरून पाहिले जाणार, यावरून तपशिलाचे माप ठरते. बैलाचे मोठे डोळे हे त्याचे उदाहरण होय.

३. लाकूड, अस्तर व पावसाळी हवा यांचा विचार न करता दिलेला रंग टिकत नाही.

४. रंगाची निवड करताना परंपरा वा चमक यापेक्षा डब्यावरील शिशाविषयीचा उल्लेख महत्त्वाचा मानावा.

गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व मराठी हे विभाग शेजारी-शेजारी असतात. रंगद्रव्यांची तपासणी, दृष्टीचे मापन व कारागिरांच्या शब्दांची नोंद ही तिन्ही कामे या एका लाकडी बैलाभोवती एकत्र येऊ शकतात. पोळ्यापूर्वी परिसरातील सुतारांसाठी एक दिवसाची रंगविषयक कार्यशाळा घेतली, तरी तिचा लाभ त्याच वर्षीच्या तान्ह्या पोळ्यातील मुलांना मिळेल.