कोंबडीच्या पोटात जागा कोणाची?

एक बादली घ्या. तिच्यात मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी सोयाबीनची पेंड घाला. वर बोटभर राहील इतकं पाणी ओता आणि झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांनी झाकण काढलंत, तर थेट आंबलेल्या इडलीच्या पिठाचा वास येईल. वर बारीक बुडबुडे फुटत असतील. घरातलं कुणीतरी नाक मुरडून म्हणेल, "शी! खराब झालं, टाकून द्या!"

थांबा, टाकू नका. जगात पुष्कळ ठिकाणी कोंबड्या पाळणारे लोक हेच आंबट खाद्य मुद्दाम बनवतात.

हे आंबवलं कुणी? धान्याच्या सालींवर लॅक्टोबॅसिलस आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी जिवाणू आधीच बसलेले असतात. पाणी मिळालं की ते जागे होतात, धान्यातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. तुमच्या दह्यातही तेच आम्ल असतं. खाद्याचा सामू (pH; हा आकडा जितका कमी, तितकं आंबट) मग साडेचारच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. एवढ्या आंबटात बरेचसे रोगजंतू गारठतात. आम्ल त्यांच्या शरीरात शिरतं आणि ते बाहेर काढता काढताच बिचाऱ्यांची सगळी ताकद संपते. (बिचारे कसले म्हणा! त्यांच्यातलाच साल्मोनेला नावाचा जिवाणू पोटात गेला तर आपल्याला जुलाब, ताप, सगळंच होतं.)

आता हे खाद्य कोंबडीच्या पोटात कुठे कुठे जातं ते पाहू. कोंबडीला दात नाहीत, ती दाणे तसेच गिळते. ते आधी गळ्याखालच्या अन्नपिशवीत साठतात. संध्याकाळी, पोटभर चरून आलेली कोंबडी कुणी धरून दिली, तर तिच्या छातीच्या वर, जरा उजवीकडे हलकेच बोट लावा. टम्म पिशवी लागेल आणि आतले दाणेही जाणवतील. या पिशवीच्या भिंतीला लॅक्टोबॅसिलस चिकटून राहतात. पुढे जठरातला आम्लरस, त्यानंतर पेटा. हो, चिकनच्या दुकानात 'कलेजी-पेटा' मिळतो ना, त्यातलाच! त्याचे स्नायू जबरदस्त असतात, आणि कोंबडीने गिळलेले खडे त्यात दाणे भरडतात.

त्यापुढे लहान आतडं. आणि त्याच्या शेवटी आहे खरी गंमत: दोन लांबट नळ्या, ज्यांचं एक टोक बंद. त्यांना अंधनाल म्हणतात. इथे एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू राहतात! आतड्यात न पचलेला चोथा ते खातात आणि ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं बनवतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी याच आम्लावर पोसतात. म्हणजे कोंबडी जिवाणूंना जेवू घालते आणि जिवाणू कोंबडीला. खुराडं झाडणाऱ्याला हे अंधनाल न बघताही ठाऊक असतात. एरवीच्या विष्ठेवर पांढरी टोपी असते. पण अधूनमधून पडते ती चॉकलेटी, चिकट, आणि वास तर विचारूच नका. ती अंधनालांतून आलेली!

पण हे जिवाणू पिल्लाच्या पोटात येतात कुठून? अंड्यातून बाहेर येताना त्याचं आतडं जवळजवळ रिकामंच असतं. पिल्लू आईमागे फिरतं, ती उकरते तिथे टिपतं, आणि तिचे जिवाणू आपसूक मिळवतं. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला मात्र आई भेटतच नाही.

फिनलंडमध्ये 1970 च्या सुमारास कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली. तेव्हा नुर्मी आणि रँताला या दोन शास्त्रज्ञांनी एक विचित्र उपाय केला. निरोगी मोठ्या कोंबड्याच्या आतड्यातला ऐवज त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला! ई...! पण त्यानंतर साल्मोनेला दिला, तरी त्यातली बरीचशी पिल्लं त्याच्या तावडीतून सुटली. 1973 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं. कारण सोपं होतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं चांगल्या जिवाणूंनी आतड्यातल्या जागा आधीच धरल्या. मागून आलेला साल्मोनेला बसणार कुठे?

आंबट खाद्य हेच काम रोज, थोडं थोडं करतं. जागा धरणारे जिवाणू त्यातून येतात आणि अन्नपिशवीतला आंबटपणाही वाढतो. आणखी एक फायदा आहे. धान्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटेट नावाच्या पदार्थात अडकलेलं असतं. कोंबडीला ते नीट सोडवता येत नाही. आंबवताना ते मोकळं होतं आणि हाडांना मिळतं.

मग सगळ्या पोल्ट्रीत हे का देत नाहीत? कारण ओलं खाद्य सांभाळणं म्हणजे कटकट. ते लवकर बिघडतं, भांडी रोज धुवावी लागतात, हजारो कोंबड्यांना वाटायचं कसं हाही प्रश्नच. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात, 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आंबवलेलं खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी जास्त वजनाची भरली, पण त्या एकमेकींना टोचायला लागल्या आणि त्यांची पिसं विस्कटली. म्हणून काही ठिकाणी पेंड आंबवून, वाळवून मग खाद्यात मिसळतात. मला विचाराल तर परसातल्या चार-पाच कोंबड्यांसाठी ही बादली झकास. हजारोंच्या शेडसाठी मात्र वाळवलेलंच बरं.

तुमच्याकडे कोंबड्या असतील तर मोठ्यांना विचारून करून बघा. धान्य पाण्याखालीच बुडलेलं राहू द्या. वर केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा कुजका वास आला, तर ती बादली फेकायचीच, कोंबड्यांना अजिबात घालायची नाही. आणि खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवा, जेवायला बसण्याआधी!